रोडकी नळी आणि पाचाचा आकडा

आपल्या घरांत वीज वाचविण्याचा विषय निघतो तो बहुधा उपदेशाच्या रूपाने. “मागच्या खोलीतला दिवा कोणी चालू ठेवला?” असे विचारीत घरभर फिरणारे एखादे वडीलधारे माणूस प्रत्येक कुटुंबात असते, आणि बटणाचा खटका ऐकू आल्याखेरीज त्यांना चैन पडत नाही. ही सवय चांगलीच आहे. मुलांनी ती उचलावी असे आम्हांसही वाटते. परंतु एका घराचे जे काम एका आजोबांच्या दक्षतेवर निभावते, ते सबंध देशाचे काम कोणाच्या दक्षतेवर निभावावे? लक्षावधी घरांसाठी असे आजोबा आणावेत तरी कोठून?

प्रश्न गमतीचा वाटला तरी आपल्या पूर्वेकडील एका देशाने तो गांभीर्याने हाताळला आणि त्याला एक व्यवहारी उत्तर शोधून काढले. तो देश थायलंड. आपल्या वडील पिढीच्या भूगोलाच्या पुस्तकातला सयाम. या महिन्यात त्या उत्तराची हकीकत वाचकांपुढे ठेवावी असे आम्ही योजिले आहे.

थाई भाषेत विजेला ‘फाय-फा’ म्हणतात. ‘फाय’ म्हणजे अग्नी आणि ‘फा’ म्हणजे आकाश. आकाशातला अग्नी तो हा. ऊर्जेच्या जपणुकीसाठी त्यांच्या सरकारी भाषेत जो शब्द आहे त्याचा उच्चार ‘अनुरक’ असा होतो. पण लिहिताना शेवटी ‘ष’ लिहितात आणि तो वाचीत नाहीत. अक्षरे जोडून पाहिली की आपल्या ‘रक्ष’ धातूची ओळख पटते. तेथील एका मोठ्या धरणाचे नाव भूमिबल आणि समुद्रातील वायुक्षेत्राचे नाव एरावन, म्हणजे आपला ऐरावत. इतकी ओळखीची नावे असलेला देश आपल्याला फारसा परका वाटू नये.

पिंग नदीवरील हे भूमिबल धरण १९६४ साली पुरे झाले. पुढे १९६९ मध्ये वीजनिर्मितीच्या तीन निरनिराळ्या संस्था एकत्र करून तेथे एक राष्ट्रीय वीज प्राधिकरण स्थापन झाले. १९८१ पासून थायलंडच्या आखातातील एरावन क्षेत्राचा वायू किनाऱ्यावर येऊ लागला. नंतरच्या दहा वर्षांत कारखाने वाढले, बँकॉक शहर चोहोबाजूंनी पसरले, आणि विजेची मागणी दर वर्षी दहा टक्क्यांच्या वर वाढू लागली. या वेगाने मागणी सात वर्षांत दुप्पट होते. सात वर्षांत देशातली सारी वीजकेंद्रे दुप्पट करावयाची आणि पुढच्या सात वर्षांत त्यांचीही दुप्पट करावयाची, हा हिशेब कोणत्याही खजिन्याला झेपणारा नव्हे.

शिवाय हा हिशेब केवळ पैशांचा नव्हता. उत्तरेकडे लांपांग प्रांतात मे मोह या ठिकाणी लिग्नाइट नावाच्या हलक्या प्रतीच्या कोळशावर चालणारे मोठे वीजकेंद्र आहे. १९९२ च्या ऑक्टोबरात तेथील धुराड्यांतून निघालेला गंधकाचा वायू दरीत साचून राहिला आणि आसपासच्या खेड्यांतील शेकडो माणसे श्वासाच्या व घशाच्या त्रासाने आजारी पडली. पिके करपली, जनावरांनाही बाधा झाली. धूर शुद्ध करणारी यंत्रे बसविण्याचे काम त्यानंतर हाती घेण्यात आले. ग्रामस्थांची न्यायालयातील लढाई मात्र पुढे कित्येक वर्षे चालली.

ईशान्येला मून नदी मेकाँगला मिळते. त्या मुखाजवळ पाक मून हे धरण १९९४ साली पूर्ण झाले. त्याची क्षमता अवघी १३६ मेगावॅट. मेकाँगमधून अंडी घालण्यासाठी वर चढणाऱ्या माशांची वाट या भिंतीने अडली. माशांना चढता यावे म्हणून पायऱ्यापायऱ्यांचा एक मार्ग बांधण्यात आला. पण मासे त्या मार्गाने म्हणावे तसे चढले नाहीत, आणि पिढ्यान्‌पिढ्या जाळे टाकून पोट भरणाऱ्या कुटुंबांची जाळी रिकामी राहू लागली. त्या लोकांनी वर्षानुवर्षे आंदोलन केले. २००१ साली सरकारने अभ्यासासाठी म्हणून धरणाचे दरवाजे वर्षभर उघडे ठेवले. नंतर वर्षातील काही महिने ते उघडण्याचे ठरले.

बँकॉकमधल्या एखाद्या घरात विनाकारण जळणाऱ्या दिव्याची किंमत अशी त्या घरापासून शेकडो मैलांवर कोणीतरी मोजीत असते. वीजबिलात या रकमेची ओळ नसते. म्हणून बचतीचा विचार करताना ती मुद्दाम आठवावी लागते.

थायलंडच्या मंत्रिमंडळाने १९९१ साली वीजबचतीची एक योजना मंजूर केली आणि १९९३ पासून पाच वर्षांसाठी ती अमलात आणण्याचे काम त्याच वीज प्राधिकरणाकडे सोपविले. योजनेचा अंदाजित खर्च सुमारे १९ कोटी डॉलर. जागतिक पर्यावरण निधीसारख्या बाहेरच्या स्रोतांतून काही साहाय्य मिळाले. बराचसा भार विजेच्या दरांतून थोडा थोडा वसूल करावयाचा होता. आशियातील विकसनशील देशांत एवढ्या मोठ्या प्रमाणावरचा असा प्रयत्न हा पहिलाच म्हणून ओळखला जातो.

ज्याचा धंदाच वीज पुरविण्याचा, त्याने ‘वीज कमी वापरा’ म्हणावे, हे दूधवाल्यानेच गिऱ्हाइकाला चहात दूध बेताने घाला म्हणून सांगण्यासारखे आहे. मग प्राधिकरणाने हे का पत्करले? कारण सरळ होते. वाढत्या मागणीसाठी नवी केंद्रे उभारण्यास परदेशी कर्ज काढावे लागे. त्या मानाने वापरातले एक मेगावॅट वाचविणे स्वस्त पडत होते. शिवाय बचतीचा खर्च दरांतून भरून निघणार असल्याने संस्थेचे नुकसान होणार नव्हते. या दुसऱ्या कारणाकडे वाचकांनी विशेष लक्ष द्यावे. ज्याच्याकडून सुधारणा घडवावयाची त्याचे नुकसान होऊ न देण्याची तजवीज आधी करावी लागते, हे सूत्र या हकीकतीत पुन्हा दिसेल.

पहिला हात घातला तो ट्यूबलाइटला. त्या वेळी थायलंडमध्ये, आपल्याकडेही होती तशी, अडतीस मिलिमीटर जाडीची नळी सर्वत्र वापरात होती. लांब नळी ४० वॅटची आणि आखूड नळी २० वॅटची. सव्वीस मिलिमीटर जाडीची नवी नळी अनुक्रमे ३६ आणि १८ वॅटमध्ये जवळजवळ तेवढाच प्रकाश देई. ती जुन्याच पट्टीवर, जुन्याच चोकवर बसे. नळी बारीक असल्यामुळे काच कमी लागे आणि आतला लेपही कमी लागे. इतके असूनही ती बाजारात रुळत नव्हती. गिऱ्हाइकाला वाटे, बारीक नळीचा उजेडही बारीकच असणार. कारखानदाराला वाटे, आपण जाड नळी बंद केली आणि शेजारच्या कारखान्याने चालू ठेवली तर गिऱ्हाईक त्याच्याकडे जाईल. प्रत्येक जण दुसऱ्याकडे बघत थांबला होता.

प्राधिकरणाने घरोघर माणसे पाठवून उपदेश केला नाही. सबंध देशात ट्यूबलाइट तयार करणारे कारखानदार होते पाच, आणि बाहेरून आणणारा व्यापारी एक. या सहा जणांना एका टेबलाभोवती बसविण्यात आले. तुम्ही सर्वांनी एकाच वेळी जाड नळी सोडून द्या. लोकांची समजूत घालण्याचे काम आणि त्याच्या जाहिरातींचा खर्च आमच्याकडे लागला, असा करार ठरला. सारेच एकदम बदलणार म्हटल्यावर कोणाचे गिऱ्हाईक कोणाकडे जाण्याचे भय उरले नाही. करारामागे कायद्याची सक्ती नव्हती आणि कोणाला अनुदानही नव्हते. दूरचित्रवाणीवरून व वृत्तपत्रांतून जाहिराती झळकल्या, आणि दोन-अडीच वर्षांत जाड नळी थाई दुकानांतून दिसेनाशी झाली. लोकांनी नव्या नळीला नावही झकास ठेवले, ‘लॉत फॉम’. म्हणजे रोडकी नळी.

एका नळीमागे चार वॅट वाचतात हे ऐकून कोणाला हसू येईल. म्हणून थोडे गणित मांडू. रोज पाच तास जळणाऱ्या एका लांब नळीमागे वर्षाकाठी सात युनिटांहून थोडी अधिक बचत होते. एका घराच्या दृष्टीने ही रक्कम किरकोळ. परंतु अशा एक कोटी नळ्या संध्याकाळी एकदमच लागल्या, तर त्या घटकेला ४० मेगावॅटचा भार कमी होतो आणि वर्षाला सात कोटींवर युनिटे वाचतात. विशेष हे की त्यासाठी कोणाही गृहिणीला दिवा लवकर मालवावा लागत नाही, कोणा मुलाला अंधुक उजेडात अभ्यास करावा लागत नाही. दुकानदार जी नळी देतो तीच मुळात कमी खाणारी असते.

दुसरा हात फ्रिजला घातला. फ्रिजची गोष्ट नळीपेक्षा अवघड, कारण तो किती वीज खातो हे बाहेरून कळत नाही. दुकानात रंग दिसतो, आकार दिसतो, किंमत दिसते; आतला कॉम्प्रेसर आणि भिंतीतले उष्णतारोधक अस्तर दिसत नाही. तेव्हा १९९५ च्या सुमारास प्राधिकरणाने एक चिठ्ठी काढली. फ्रिज सरकारी मानकसंस्थेकडे तपासून घ्यावयाचा आणि वीज खाण्याच्या प्रमाणात त्याला एक ते पाच असा आकडा द्यावयाचा. पाच म्हणजे सर्वांत काटकसरी, तीन म्हणजे साधारण. ही चिठ्ठी लावणे ऐच्छिक होते.

ऐच्छिक चिठ्ठीचे एक नवल घडले. पाचाचा आकडा मिळालेला कारखानदार ती मोठ्या दिमाखाने दारावर चिकटवी. तीन मिळालेला ती लावीतच नसे. त्यामुळे थोड्याच दिवसांत गिऱ्हाइकांच्या मनात एवढेच ठसले की पाचाचा आकडा असेल तर माल घ्यावा. ‘बर हा’, म्हणजे ‘पाच नंबर’, हे शब्द तेथे रोजच्या बोलण्यात आले. कारखानदारांनी अस्तर जाड केले, कॉम्प्रेसर सुधारले, आणि लहान एकदारी फ्रिजांपैकी बहुतेक सगळे काही वर्षांत पाचाच्या पंक्तीला येऊन बसले. सर्वच मुले पहिल्या वर्गात येऊ लागली की परीक्षा कठीण करावी लागते; त्याप्रमाणे २००१ साली पाचाची अट अधिक कडक करण्यात आली. पुढे हीच चिठ्ठी विजेच्या पंख्यांवर आली, भाताच्या विजेच्या भांड्यांवर आली.

आणि आमच्या वाचकभगिनींना कौतुक वाटावे अशी गोष्ट म्हणजे ती तांदळावरही आली! तांदूळ जितका पांढराशुभ्र करावा तितकी गिरणीची वीज अधिक लागते आणि तितके त्याचे सत्त्व अधिक जाते. म्हणून न सडलेल्या, तांबूस तांदळाच्या पुड्यांवर पाचाचा आकडा छापून तो खाण्याचा प्रचार करण्यात आला. आपल्या आज्यांच्या हातसडीच्या तांदळाला वीजबचतीचे प्रमाणपत्र मिळाल्यासारखेच हे झाले. शाळांतून ‘हिरवा वर्ग’ नावाचे उपक्रमही सुरू झाले.

सर्वच ठिकाणी असे यश आले नाही. वातानुकूल यंत्रांचा प्रयोग १९९६ पासून झाला आणि तो रखडला. ट्यूबलाइटचे कारखानदार पाच होते. वातानुकूल यंत्रे जोडणारे लहानमोठे कारखाने पन्नासाहून अधिक. इतक्यांना एका टेबलाभोवती बसविणे शक्य झाले नाही. चांगल्या यंत्राची किंमत बरीच जास्त पडे. बिनव्याजी हप्त्यांची सोय करूनही गिऱ्हाईक स्वस्त यंत्राकडे वळे. त्यात पुष्कळ इमारतींत यंत्र विकत घेणारा बांधकामवाला वेगळा आणि पुढे वर्षानुवर्षे बिल भरणारा भाडेकरू वेगळा. विकत घेणाऱ्याला बचतीचे सोयरसुतक नसते आणि ज्याला असते त्याला निवड करता येत नाही. बँकॉकच्या उकाड्यात घरोघरी ही यंत्रे वाढत गेली आणि नळ्यांनी व फ्रिजांनी वाचविलेल्या विजेचा मोठा वाटा ती खाऊ लागली. बचतीच्या कामाला शेवटचा दिवस नसतो तो असा.

जेथे समजुतीने भागत नाही तेथे कायदा लागतो, हेही त्या देशाने ओळखले होते. १९९२ साली तेथे ऊर्जासंवर्धनाचा कायदा झाला. मोठे कारखाने आणि मोठ्या इमारती यांनी ऊर्जेचा हिशेब ठेवावा आणि त्यासाठी एक जबाबदार माणूस नेमावा, असे त्याने ठरविले. याच कायद्याने एक निधी उभा केला. पेट्रोल-डिझेलच्या दर लिटरमागे काही सतांग त्यात जमा होतात. सतांग म्हणजे बाटचा शंभरावा भाग. या शब्दातही आपले ‘शत’ आणि ‘अंग’ लपलेले आहेत. या निधीतून २००३ पासून बँकांना बिनव्याजी पैसा देण्यात आला आणि बँकांनी तो कारखान्यांना जास्तीत जास्त चार टक्के व्याजाने द्यावा असे बंधन घातले. हेतू हा की जुनी भट्टी किंवा जुना पंप बदलण्याच्या कर्जाची बँकांना सवय व्हावी.

फलनिष्पत्ती काय? १९९७ च्या जुलैत बाटची किंमत कोसळली, कारखाने बंद पडले आणि पुढल्या वर्षी विजेची मागणी आपोआपच घटली. तेव्हा बचतीचे श्रेय मंदीला देण्याचा मोह होतो. पण योजनेची मोजदाद उपकरणांवरून स्वतंत्रपणे झाली होती. २००० सालच्या मध्यापर्यंत ऐन गर्दीच्या वेळचा भार ५६६ मेगावॅटने कमी झाला आणि वर्षाला ३१४ कोटी युनिटे वाचू लागली. आरंभी ठरविलेले लक्ष्य २३८ मेगावॅटचे होते. ५६६ मेगावॅट म्हणजे पाक मूनसारख्या चार धरणांची पूर्ण क्षमता. आणि ती मिळविण्यासाठी एकाही नदीचे मुख अडवावे लागले नाही.

या आकड्यांनी मूनकाठच्या कोळ्यांचे मासे परत आले असे मात्र कोणी समजू नये. ते धरण बचतीची फळे दिसण्याच्या आधीच बांधून झाले होते. बचत उशिरा सुचली की तिची किंमत कोणीतरी आधीच चुकती केलेली असते. पुढची धरणे आणि पुढची धुराडी यांचा विचार करताना हे उदाहरण थायलंडमध्ये वारंवार पुढे येते. २०१० सालच्या तुलनेत २०३६ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या प्रमाणात लागणारी ऊर्जा तीस टक्क्यांनी कमी करावयाची, असा संकल्प त्या देशाने २०१५ च्या आराखड्यात केला आहे.

आता थोडे आपल्याकडे पाहू. भारतात ऊर्जासंवर्धनाचा कायदा २००१ साली झाला, त्याखालील केंद्रीय कार्यालय २००२ मध्ये सुरू झाले, आणि २००६ पासून आपल्या उपकरणांवर ताऱ्यांची चिठ्ठी दिसू लागली. २०१० पासून ती निवडक उपकरणांना सक्तीची झाली. थायलंडचा पाचाचा आकडा तो आपला पाचवा तारा. आपण मराठी माणसे कोणी इंदुरास, कोणी बडोद्यास, कोणी हैदराबादेस, कोणी बेळगावास राहतो. प्रत्येकाची वीज कंपनी निराळी आणि दर निराळे. ही चिठ्ठी मात्र सर्वांच्या दुकानांत एकच असते. तेव्हा ती वाचावी कशी हे सांगितल्याखेरीज हा लेख पुरा होणार नाही.

पहिली गोष्ट, तारे मोजण्याआधी चिठ्ठीवरचा काळ पाहावा. थायलंडप्रमाणे आपल्याकडेही अटी वेळोवेळी कडक होत जातात. त्यामुळे जुन्या काळातले पाच तारे नव्या मोजमापात तेवढे भरतीलच असे नाही. दुकानात मागे राहिलेला माल ‘पाच ताऱ्यांचा’ म्हणून पुढे केला जात असेल तर हे ध्यानात असावे. दुसरी गोष्ट, ताऱ्यांहून महत्त्वाचा असतो तो वर्षाला किती युनिटे लागतील हा आकडा. मोठ्या फ्रिजला पाच तारे असूनही तो तीन ताऱ्यांच्या लहान फ्रिजहून जास्त वीज खाऊ शकतो. कारण तारे त्याच्या आकाराच्या मानाने दिलेले असतात. तिसरी गोष्ट, किमतीतील फरक हा वर्षांच्या हिशेबाने पाहावा. समजा दोन फ्रिजांत वर्षाला शंभर युनिटांचा फरक आहे, आणि फ्रिज दहा वर्षे टिकतो. तर हा फरक हजार युनिटांचा झाला. आपल्या गावच्या दराने त्याला गुणावे आणि मग स्वस्त कोणता, महाग कोणता, हे ठरवावे. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांनी घरमालकाने बसवून दिलेल्या यंत्राची चिठ्ठीही करारापूर्वी पाहून ठेवावी. बिल त्यांना भरावयाचे आहे.

घरातल्या आजोबांनी दिवे मालवीत फिरणे थांबवावे असे आमचे म्हणणे नाही. त्यांनी पाडव्याच्या खरेदीस मुलासुनेबरोबर दुकानातही जावे, चष्मा पुसून चिठ्ठीवरचा युनिटांचा आकडा मोठ्याने वाचावा, आणि विक्रेत्याला “याहून कमी खाणारा दाखवा” असे सांगावे. ही मागणी पुरेशा गिऱ्हाइकांनी केली म्हणजे ती दुकानातून कारखान्यापर्यंत पोहोचते. बँकॉकच्या फ्रिजवाल्यांपर्यंत ती तशीच पोहोचली होती.